बेसचे दोन बॉक्स आणि साडेसहा हजारांचा हिशेब

फेब्रुवारी महिना लागला की आमच्या वस्तीतल्या विहारात जयंतीच्या बैठका सुरू होतात. मंडपाचे काय, भोजनदानाचे काय, वर्गणी किती, यावर दर रविवारी चर्चा चालते. यंदाच्या पहिल्याच बैठकीत मात्र वेगळाच विषय निघाला. आमच्या भीमगीत मंडळाचे बेसचे दोन्ही बॉक्स निकामी झाले होते. गिटार वाजविणारा मुलगा म्हणाला, "काका, एक मुका झाला आन् दुसरा नुसता भुंकतो. आता भंगारात टाका."

तरुणांचे म्हणणे होते की एका रात्रीसाठी २५ हजार देऊन डीजे आणावा. दुसरा गट म्हणत होता, तयार बॉक्सची नवी जोडी घेऊ. तिचा भाव ३६ हजार. आणि खात्यात शिल्लक होती ११ हजार ४०० रुपये. आमची वस्ती म्हणजे राईस मिलमध्ये पोती उचलणारे हमाल, बिडी वळणाऱ्या बाया, ऑटोवाले आणि गवंडी. घरामागे १०१ रुपये वर्गणी मागतानाही जीभ अडखळते. अशा वस्तीने ३६ हजार आणायचे कुठून?

मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. बी.कॉम. झालो म्हणून मंडळाची कोषाध्यक्षाची जबाबदारी गेली अकरा वर्षे माझ्याकडेच आहे. त्या बैठकीत मी खाली मान घालून बसलो होतो. त्याचे कारण पुढे सांगतो.

हे बॉक्स १९९९ सालच्या जयंतीसाठी माझ्या मोठेबाबांनी आपल्या हाताने केले. त्याच वर्षी १ मे रोजी भंडारा जिल्ह्यातून आपला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, म्हणून साल पक्के लक्षात आहे. आतले १५ इंची स्पीकर नवे नव्हते. झाडीपट्टीच्या नाटकांबरोबर दिवाळीनंतर मंडई-मंडई फिरणाऱ्या एका साउंडवाल्याकडून ते जुने घेतले होते. एक बॉक्स चांगल्या प्लायवूडचा झाला. दुसऱ्याच्या वेळी पैसे संपले, म्हणून तो भुशाच्या बोर्डाचा करावा लागला. मोठेबाबांच्या मनाला ती गोष्ट कायम लागून राहिली.

काही वाचक विचारतील, भीमगीताला बेस गिटार कशाला हवी? प्रश्न रास्त आहे. १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले, तेव्हा साधने किती तुटपुंजी होती! वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) आयुष्यभर खेडोपाडी गात फिरले, ते काही मोठ्या साउंडच्या जोरावर नव्हे. पण काळाबरोबर कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला आणि बेस गिटारही आली. ढोलकीच्या खाली जी जमीन लागते ती ही गिटार देते. तिच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपने करतो आणि त्याची एक लाट आठ मीटरहून लांब असते. असा सूर सभेच्या भोंग्यातून निघत नाही. त्याला मोठा कोन आणि मापाची पेटीच लागते. बेस गेली की गाणे पोकळ वाटते आणि गाणारा घसा ताणू लागतो. आमच्या मंडळात सात मुले-मुली आहेत. डीजे आला असता तर ती स्टेजवरून खाली उतरून गर्दीत उभी राहिली असती. मला भीती त्याचीच होती. एकदा पांगलेले मंडळ पुन्हा जुळत नाही.

आता माझ्या खाली घातलेल्या मानेविषयी. मागच्या वर्षी आवाज कमी पडतो अशी तक्रार आली, तेव्हा मी कोणाला न विचारता बाहेरगावच्या एका दुकानातून साडेसहा हजारांचा तयार बॉक्स आणला. त्यावर '१००० वॅट' असा चकचकीत कागद चिकटवला होता. जयंतीच्या रात्री तो जुन्या दोघांच्या जोडीला लावला आणि तासाभरात जळक्या वासासह बंद पडला. लोकांना वाटले वायरिंगचा दोष असेल. मीही तसेच वाटू दिले. हिशेबाच्या वहीत ते साडेसहा हजार 'मंडप व विद्युत रोषणाई' या खात्यात घालून मोकळा झालो. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना मुसावादाच्या ओळीला माझा आवाज बारीक होत असे.

बैठकीत बिडी वळणाऱ्या एका आजीने विचारले, "बाबू, मागल्या साली तं नवा डब्बा आणला होता ना? तो कुठं गेला?" मी म्हणालो, "आजी, पंधरा दिवस द्या. सगळे बॉक्स उघडून पाहतो आणि सगळेच सांगतो." वेळ मारून नेण्यासाठी बोललो खरे, पण त्याच वाक्याने मला कामाला लावले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून आल्यावर मोठेबाबांच्या अंगणात बॉक्स उघडले. मोठेबाबांचे हात आता थरथरतात, म्हणून काम त्यांचा मुलगा, माझा चुलत दादा, करीत होता आणि ते खाटेवरून सूचना देत होते. मी वही घेऊन बसलो. आम्ही काय पाहिले ते क्रमाने सांगतो, कारण प्रत्येक वस्तीतल्या मंडळाला ते उपयोगी पडेल.

आधी दोन्ही हातांनी कोन सारखा दाबून पाहिला. आत खरखर लागली तर कॉइल घासते असे समजावे. डाव्या स्पीकरचा कोन मोकळा हलत होता. फक्त कडेची कापडी झालर एका बाजूने सुटली होती, आणि भुंकणे त्याचेच होते. मग मल्टिमीटर लावला. आठ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण सहा दाखवितो. डाव्याने ६.१ दाखविले. उजव्याने काहीच दाखविले नाही, म्हणजे त्याची कॉइल जळून तुटली होती. पण त्याचा लोखंडी सांगाडा सरळ होता आणि चुंबक जागेवर होते. अशा स्पीकरला रिकोन करता येते, म्हणजे जुन्या सांगाड्यात नवा कोन, नवी कॉइल आणि नवा स्पायडर बसवितात. स्पीकरचा महाग भाग चुंबक आणि सांगाडा हाच असतो. कॉइल जळाली म्हणून सगळा स्पीकर भंगारात घालण्याचे कारण नाही.

मग मागच्या वर्षीचा बॉक्स उघडला. आत मुठीएवढे चुंबक आणि खालपासून वरपर्यंत पातळ फळी. हजार वॅट कागदावरच होते. पण नुसत्या दुकानदाराला दोष देऊन मी सुटत नव्हतो. आमच्या अॅम्प्लिफायरच्या पाठीवर स्पष्ट लिहिले आहे की चार ओहमपेक्षा कमी भार लावू नये. आठ-आठ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की बरोबर चार होतात. मी तिसरा जोडला, तेव्हा भार २.६७ वर आला. अॅम्प्लिफायरला तो पेलेना, त्याने आवाज फाडला, आणि अशा फाटलेल्या आवाजाने कॉइल तापून जळते. नव्या बॉक्सची आधी जळाली, आमच्या उजव्या बॉक्सचीही त्याच रात्री. म्हणजे माझ्या एका चुकीने साडेसहा हजारही गेले आणि मोठेबाबांचा एक बॉक्सही मुका झाला. भागाकार करणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा, आणि तोच मी केला नव्हता.

वॅटविषयी आणखी एक गोष्ट तरुणांनी ध्यानात घ्यावी. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही. तो फक्त तीन डेसिबलने वाढतो, कानाला थोडासाच जास्त वाटतो. मग आकड्यांच्या मागे वर्गणी का उधळायची?

रविवारी सकाळच्या गाडीने उजवा स्पीकर मांडीवर घेऊन नागपूर गाठले. एका जुन्या कारागिराने १,८०० रुपयांत रिकोन करून दिला. त्याने मला न विचारता जुनी कॉइल हातावर ठेवली. काळी पडलेली ती तार मी अजून हिशेबाच्या पेटीत ठेवली आहे.

इकडे भुशाच्या बोर्डाचा बॉक्स पावसाळ्यांनी फुगून भाकरीसारखा झाला होता. आपला हा धानाचा, ओलाव्याचा मुलूख. येथे असा बोर्ड टिकत नाही. तो दुरुस्त होण्यासारखा नव्हताच. प्लायवूडच्या बॉक्सचे फक्त मागचे पाट वाळवीने खाल्ले होते. आम्ही १८ मिलिमीटर प्लायवूडचा एकच पत्रा आणला. त्यात एक नवा बॉक्स आणि दुसऱ्याची पाठ, दोन्ही बसले. माप जुनेच ठेवले. आतून २४ इंच उंची, २० इंच रुंदी, १५ इंच खोली, म्हणजे सुमारे ११८ लिटर. समोरच्या गोल छिद्राचे मापही तेच. ते छिद्र शोभेचे नसते. पेटीतली हवा आणि ते छिद्र मिळून खालचा सूर उचलतात. थील आणि स्मॉल या दोघांनी ऑस्ट्रेलियात १९६१ पासून पुढच्या दशकभरात त्याचे गणित मांडले. आपल्याकडे गणित नसेल, पण चांगल्या वाजणाऱ्या बॉक्सचे माप असेल, तर ते मोडू नये.

छिद्र सोडून बाकी कोठूनही हवा निसटता कामा नये. दादाने सांध्यांत फेव्हिकॉल आणि लाकडाचा भुसा भरला. स्क्रूची झिजलेली भोके आगकाडीचे तुकडे आणि फेव्हिकॉलने बुजविली. डाव्या स्पीकरची सुटलेली झालर रबरी चिकटद्रव्याने चिकटवून रात्रभर वाळू दिली. नंतर गिटारचा खालचा सूर वाजवून पेटीच्या कडेने पेटती अगरबत्ती फिरविली. जेथे धूर थरथरला तेथे पुन्हा लेप दिला.

सारे जुळवून दोन्ही बॉक्स सुरू केले आणि आमची तोंडे उतरली. एक बॉक्स वाजे तेव्हा बेस भरदार, दोन्ही लावले की पातळ! मुले म्हणाली, पैसा वाया गेला. माझ्याही पोटात गोळा आला. मोठेबाबा खाटेवरून म्हणाले, "एक ढकलते आन् दुसरा ओढते काय, ते पाहा." नऊ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून पाहिली. उजव्याचा कोन बाहेर आला, डाव्याचा आत गेला. पूर्वी कधीतरी डाव्याला डाग देताना कोणीतरी तारा उलट्या जोडल्या होत्या. दोन तारांची अदलाबदल केली आणि अंगणातली भांडी थरथरली. या दुरुस्तीला एक पैसाही लागला नाही.

पुढच्या बैठकीत मी फळ्यावर हिशेब लिहिला. रिकोन १,८००, प्लायवूड २,९००, सुतारमजुरी १,०००, रेक्झिन ६५०, फेव्हिकॉल-स्क्रू-गॅस्केट ५४०, वायर व सॉकेट ३८०, नागपूरचा प्रवास २७०, रबरी चिकटद्रव्य ६०. एकूण ७,६००. शिल्लक ३,८००. लोकांनी टाळ्या वाजविल्या. त्या थांबल्यावर मी मागच्या वर्षीची वही उघडली, साडेसहा हजार कसे गेले आणि मी ते कोठे लपविले ते वाचून दाखविले, आणि जळालेली कॉइल समोर ठेवली.

विहारात बराच वेळ कोणी बोलले नाही. एकजण चिडून म्हणाला, "मग दुसऱ्या खर्चाचं तरी खरं कशावरून?" त्याचे चुकले नव्हते. शेवटी त्याच आजी म्हणाल्या, "पैसे गेले ते गेले बाबू. पण जे झालं ते तसंच लिहून ठेव." मी सर्वांसमोर जुनी नोंद न खोडता खाली दुरुस्तीची नोंद केली आणि सही केली. रक्कम मी दरमहा ५०० रुपयांप्रमाणे तेरा हप्त्यांत भरणार आहे. पुढच्या वर्षी कोषाध्यक्ष म्हणून दुसऱ्याची निवड करावी असेही सुचविले. ती गोष्ट बैठकीने मान्य केली. खरे सांगतो, मला थोडे वाईट वाटले.

ज्यांच्या नावाने आपण जयंती करतो, त्या बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. आणि मला वस्तीच्या साडेसहा हजारांचा हिशेब नीट ठेवता आला नाही, ही खंत मनात राहीलच.

१४ एप्रिलला दोन्ही बॉक्स विहाराच्या भिंतीला लागून जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवले. मोकळ्या जागेत उंचावर ठेवण्यापेक्षा असे ठेवल्याने बेस वाढतो आणि त्याला खर्च लागत नाही. मुले गायली. शब्द न् शब्द मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमाप्रमाणे रात्री दहाला साउंड बंद केला, तेव्हा लहान मुले आयांच्या मांडीवर शांत झोपली होती. मोठेबाबा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून एक तळवा नव्या बॉक्सच्या पाठीवर ठेवून होते. "आता दोन्ही एकाच लाकडाचे झाले," एवढेच ते म्हणाले.

बंधू-भगिनींनो, आपल्या मंडळाचा बॉक्स बिघडला तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी तो उघडून पाहा. मीटर लावा, तारा तपासा, सांधे तपासा. आणि खर्चाची वही विहारात, सर्वांच्या हाताला येईल अशा जागी ठेवा. आमची आता तेथेच असते.

जयभीम.