लोढुं छे, काका

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कारेलीबागेतल्या आमच्या अंगणात शिरलं. मगर तेवढी आली नाही. पाणी ओसरलं तेव्हा बाबांनी लावलेला कडुनिंब आडवा पडलेला होता.

लातीवाला ओंडका नेऊन चिरून द्यायला तयार होता. पण जन्मभर कारखान्यात यंत्रं सांभाळलेला माणूस असल्या कामाचे पैसे दुसऱ्याला का देईल? झोपाळ्याची फळी घरच्या निंबाची, आणि घरीच चिरलेली, असं मी जाहीर करून बसलो.

चेनसॉच्या पात्यावर बसणारी चौकट मागवली. पहिला काप ओंडक्यावर शिडी ठोकून तिच्या आधारानं घ्यायचा, पुढचे त्या सपाटीवरून; इतपत वाचलं होतं. साखळीबद्दलचं पान बहुधा उलटलं असावं. आडवं तोडायच्या साखळीचे दात साधारण ३० अंशांत घासलेले असतात, उभं चिरायला ते १०च्या आसपास लागतात. मी आडव्याचीच साखळी लावली. भुशाऐवजी पीठ उडू लागलं तेव्हा थांबायला हवं होतं. मी जोर लावला. ५० सीसीचं इंजिन, पूर्ण थ्रॉटल. पिस्टन सिलिंडरला चिकटला. हाताखालच्या पोराच्या हातून हे झालं असतं तर मी त्याला दिवसभर सोडलं नसतं.

मग मोठं मशीन भाड्यानं आणलं, साखळीही योग्य लावली. मदतीला आलेल्या सुतारमिस्त्रींनी लाकडातल्या निळसर काळ्या डागावर बोट ठेवलं. "अंदर लोढुं छे, काका." निंब जुना आहे, गाभा काळवंडणारच, असं मी त्यांना ऐकवलं. काही क्षणांत ठिणग्या उडाल्या आणि साखळी तुटून चौकटीवर आपटली. मिस्त्रींनी छिन्नीनं कोरून कडी बाहेर काढली. कपडे वाळत घालायच्या तारेची. बाबा ती ठोकत होते तेव्हा खालचं स्टूल मीच धरलं होतं.

तरीही फळ्या निघाल्या. बँडसॉपेक्षा चेनसॉ लाकूड जास्त खातो, दर कापाला आठेक मिलिमीटर. म्हणजे चार कापांत सव्वा इंच निंब भुसा होतो. दोन इंची फळी सावलीत वाळायला ढोबळमानानं दोन वर्षं लागतात. मी गच्चीवर टाकल्या, एप्रिलच्या उन्हात, टोकांना ना मेण ना रंग. टोकं भराभर सुकली, मधलं लाकूड ओलंच. तडे गेले, फळ्या पन्हळीसारख्या वाकल्या.

मजुरी म्हणून मिस्त्रींनी एक फळी नेली होती. टोकांना उरलेला ऑइलपेंट फासून, खाली पट्ट्या घालून त्यांनी ती दुकानामागच्या सावलीत ठेवली. ती अजून सरळ आहे. झोपाळा आम्ही संखेड्याहून आणला, सागाचा, लाखकामाचा. पण ती फळी मी पैसे देऊन परत मागून पाहिली. मिस्त्री म्हणाले, "ए तो नहीं मळे, काका."