चालत जाण्याजोगे दुकान

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचे वजन आठ महिन्यांत सहा किलोंनी घटले. अडुसष्ट वर्षांची ताई चिपळूणचे घर बंद करून मुलाकडे, कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरी राहावयास गेली होती. कारण न कळता घटणारे वजन वैद्यकात कधीही दुर्लक्षिले जात नाही. म्हणून रक्तशर्करा, थायरॉइड, छातीचा एक्स-रे असे सर्व काही करून झाले. तपासण्यांत काहीही निघाले नाही. मग मी दूरध्वनीवरून तिला तोच सल्ला दिला, जो तीस वर्षे रुग्णांना देत आलो आहे : रोज चाल, ताजी भाजी खा, माणसांत मिसळ. ती शांतपणे म्हणाली, "अरे, पण कुठे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. यंदाच्या मे महिन्यात तिच्याकडे गेलो, तेव्हा ते तिनेच शोधून ठेवले होते.

सॅन होजेचे रस्ते रुंद, स्वच्छ आणि मोटारींसाठीच आखलेले. भारतीय वाणसामानाचे मोठे दुकान भाच्याच्या घरापासून बरेच दूर. शनिवारी मोटारीने जायचे, आठवड्याची भाजी शीतकपाटात भरायची, असा घरचा शिरस्ता. मोटार न चालवणाऱ्या ताईच्या वाट्याला भाजी निवडणेही उरले नव्हते. चिपळूणला रोज सकाळी बाजारात चार जणींशी घासाघीस करणारी ही बाई, येथे पुढ्यात येईल ते दोन घास खाऊन उठत असे.

तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "चल, माझे दुकान दाखवते." बारा मिनिटे चाललो. एका बुटक्या इमारतीच्या टोकाला, केशकर्तनालय आणि धुलाईकेंद्र यांच्या शेजारी, ते व्हिएतनामी वाण्याचे दुकान होते. दाराशी जमिनीवरच एक लाल देव्हारा, त्यात धनदेवता आणि भूमिदेवता शेजारी शेजारी. पुढे संत्री, चहाच्या चिमुकल्या वाट्या आणि जळती उदबत्ती. आत तांदळाच्या पोत्यांची थप्पी. त्यांत एक पोते निव्वळ कणीचे होते. आपण जी कणी पेजेसाठी वेगळी काढतो, तिचा 'कम ताम' नावाचा भात सायगॉनमध्ये एके काळी गरिबाचे अन्न होता. आज तो त्या शहराचा अभिमान आहे.

ताई थेट भाजीकडे गेली. मी पाहतच राहिलो. मायाळूच्या जुड्या होत्या, त्यांना तेथे 'मोंग तोय' म्हणतात. पोकळ देठांची नाळीची भाजी होती, केळफूल होते, कारली होती, गवती चहाच्या जाडजूड कांड्या होत्या. आमच्या आईच्या परसात आणि पावसाळी बाजारात जे मिळे, त्यातले निम्मे या परक्या देशातल्या तिसऱ्याच देशाच्या दुकानात मांडलेले होते. ताईने मायाळूचे पान चिमटीत धरून कोवळेपणा पाहिला, एक जुडी परत ठेवली, दुसरी घेतली. तिच्या हातांची ती लगबग मी दीड वर्षाने पाहत होतो.

व्हिएतनामचे युद्ध 30 एप्रिल 1975 रोजी सायगॉनच्या पाडावाने संपले. त्यानंतरच्या वर्षांत लाखो माणसांनी देश सोडला, अनेकांनी लहान होड्यांतून. सॅन होजेत आज व्हिएतनामी वंशाचे लाखाहून अधिक लोक राहतात. या दुकानाची मालकीणही लहानपणी अशाच एका होडीतून निघाली होती, असे तिच्या मुलाने सांगितले. तिला इंग्रजी बेताचेच, ताईलाही तसेच. दोघी भाजी उचलून एकमेकींना दाखवतात, बोटांनी पाणी किती आणि आच किती ते सांगतात. मालकीण ताईला 'ची' म्हणून हाक मारते. मी अर्थ विचारला, तेव्हा मुलगा म्हणाला, "थोरली बहीण." त्यांच्या भाषेतही अनोळखी माणसाला नात्यानेच हाक मारतात.

मीठ-मसाल्यांच्या फळीवर मात्र माझ्यातला डॉक्टर जागा झाला. ताईला रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि तिच्या पिशवीत 'नुओक माम'ची बाटली होती. बारीक मासे आणि मीठ लाकडी पिंपांत वर्षभर मुरवून काढलेला हा अर्क. त्याच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 1400 मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम मीठ. मी हे समजावू लागताच ताई म्हणाली, "दुकानातही दवाखाना उघडलास का?" अखेर तडजोड झाली : सबंध घराच्या कालवणात एक लहान चमचा, आणि त्या कालवणात वेगळे मीठ नाही.

पालेभाजीबद्दलही दोन शब्द सांगावयास हवेत. मायाळूत ऑक्सलेट बरेच असते. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती बेतानेच खावी. वॉरफरिन ही रक्त गोठण्यास अटकाव करणारी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू अथवा घटवू नये. आणि कारले हे मधुमेहाच्या गोळीला पर्याय नव्हे.

पाच महिन्यांत ताईचे वजन दोन किलोंनी वाढले आहे. याचे श्रेय मायाळूला देण्याइतका मी भाबडा नाही. आठवड्यातून चार दिवस जाऊन-येऊन चोवीस मिनिटांची चाल, स्वतः निवडलेली भाजी, ती रांधण्याचा हक्क, आणि वाट पाहणारे एक माणूस. यांपैकी कशाचा वाटा किती, हे मला मोजता येणार नाही. माझ्या सल्ल्यात हे सारे होतेच. फक्त त्याला पत्ता नव्हता.

परतल्यापासून दवाखान्यात येणाऱ्या वृद्धांना मी एक प्रश्न अधिक विचारतो : भाजी कोण आणते? पुष्कळ घरांत ती आता मोबाइलवर मागवली जाते. मुलांचा हेतू चांगलाच असतो. आईला जिने उतरावे लागू नयेत. पण गुडघे आणि नजर साथ देत असतील, रस्ता सुरक्षित असेल, तर आठवड्यातून दोन दिवस तरी पिशवी त्यांच्या हाती द्यावी. एखादी जुडी जून निघेल, दहा रुपये जास्त जातील. जाऊ द्यावेत.