बरबँकच्या बागेतली कामोणी

मुलीकडे अमेरिकेला गेलो, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावची ल्यूथर बरबँक यांची बाग मुद्दाम पाहिली. आपल्या बांधावरच्या कामोणीच्या दोन चुलतबहिणी, एक आफ्रिकेची, एक युरोपची, यांच्या संकरातून खायचे फळ काढले, असे ते सांगत. १९०९ साली बी ‘वंडरबेरी’ म्हणून विकायला आले, आणि ‘ही तर साधी कामोणीच!’ असा गदारोळ उठला.

मला आई आठवली. परसातली पिकून काळी झालेली फळेच ती देई. हिरव्याला हात लावला की धपाटा. हिरव्यात सोलॅनिन हे विष असते.

नात म्हणाली, “आजोबा, आपण करू संकर?”

करू की! कळी उमलण्याआधी चिमट्याने पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, कागदी पिशवी बांधायची. मात्र पिकलेले फळही कडू लागले तर थुंकून टाक, हे दोनदा बजावले.