रंगाचे थर आणि मनाचा धीर



रंगाची आवड हा केवळ आजच्या तरुणांचा छंद नव्हे. नोहाला देवाने जे धनुष्य दाखविले ते एकरंगी नव्हते. आणि निवासमंडपाच्या कामासाठी बसालेलास देवाने आपल्या आत्म्याने भरून कारागिरीचे सर्व कौशल्य दिले, असे निर्गमाच्या ग्रंथात लिहिले आहे. म्हणून कोणी वडीलधारे गृहस्थ आमच्याकडे येऊन, "फादर, मुलगा चांगल्या गिटारला रंग फासत बसतो, हे काय वेड?" असे विचारतात, तेव्हा त्यांची काळजी आम्हांस समजते, राग मात्र पटत नाही. ज्यास आपण वेड म्हणतो ते काम आहे तरी कसे, हे आधी पाहिले पाहिजे.

इलेक्ट्रिक गिटारचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. तारेचा कंप तिच्याखालील चुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे टिपून घेतात आणि तो ध्वनिवर्धकातून मोठा होऊन बाहेर पडतो. पोकळ गिटारची पातळ फळी स्वतः नादते, म्हणून तिच्यावर जाड थर चढल्यास नाद दबतो. भरीव गिटारला ते भय फारसे नाही. यामुळे रंगाऱ्यास येथे अधिक मोकळीक मिळाली.

या वाद्यावरील बहुरंगी कामात सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे सनबर्स्ट. मध्यभागी पिवळा, भोवती तांबडा आणि काठावर काळसर तपकिरी, असा हा रंग मावळत्या सूर्यासारखा दिसतो. अमेरिकेतील गिब्सन कंपनीने १९२२ साली काढलेल्या एफ-५ मेंडोलिनवर या जातीचा रंग होता आणि त्यास व्हायोलिनसाठी विख्यात असलेल्या इटलीतील क्रेमोना शहराचे नाव दिले होते. पुढे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार १९५४ साली निघाली तीही पिवळ्या व काळसर अशा दोन रंगांत. तांबडा त्यांत १९५८ साली आला.

हे काम फवाऱ्याने चटकन होते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः फवारा हा कामाचा लहानसा भाग. प्रथम लाकूड रेषेच्या दिशेने, जाड्या पॉलिशपेपरपासून बारीकपर्यंत, घासून घ्यावे लागते. महोगनीसारख्या उघड्या रंध्रांच्या लाकडात लांबी भरावी लागते. मेपलला तिची गरज नसते. मान जेथे बसते ती खाच टेपने झाकतात, कारण तेथे रंग साचला तर मान नीट बसत नाही. मग सर्व अंगावर पारदर्शक पिवळा देतात. त्यावर तांबड्याचे व शेवटी काठाच्या गडद रंगाचे कडे फवारतात. येथे खुबी अशी की, फवाऱ्याचे तोंड मध्यभागाकडे न धरता काठावरून बाहेरच्या बाजूस तिरके धरावयाचे. म्हणजे जादा तुषार बाहेर उडून जातात आणि एक रंग कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला हे डोळ्यांस कळत नाही. त्यावर स्वच्छ लॅकरचे अनेक पातळ थर येतात. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा गुण असा की, नवा थर खालच्या थरास किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. त्यानंतर काही आठवडे वाट पाहावयाची, पाण्याने घासावयाचे आणि मग चकाकी आणावयाची. जो घाई करतो त्याच्या रंगात थिनर अडकून राहते, आणि महिन्याभराने गुळगुळीत पृष्ठभाग खाली बसून लाकडाच्या रेषा वर दिसू लागतात.

याच रंगाची एक कथा सांगण्याजोगी आहे. गिब्सनच्या मिशिगन राज्यातील कालामाझू येथील कारखान्यात १९५८ ते १९६० या काळात लेस पॉल गिटारवर चेरीसारखा तांबडा सनबर्स्ट दिला जाई. त्यातील तांबडा रंग उन्हात टिकेना. जी गिटार पेटीत राहिली ती तांबडी राहिली. जी उजेडात टांगली गेली ती मधासारखी, चहासारखी, कधी निव्वळ पिवळी झाली. कंपनीने पुढे अधिक टिकाऊ तांबडा वापरावयास घेतला. परंतु काळाने उलटाच न्याय केला. त्या उडालेल्या रंगाच्या गिटारी आज लाखो डॉलरांस विकल्या जातात, आणि नव्या गिटारींवर तशी फिकी छटा मुद्दाम आणली जाते!

ही कथा आम्हांस आमच्या धर्मग्रामातील एका घरी उपयोगी पडली. घरचा कर्ता पुरुष लग्नसमारंभांतून गिटार वाजवीत असे. तो देवाघरी गेला. त्याच्या गिटारचा तांबडा विटून बदामी झाला होता आणि वाजविताना हात जेथे टेके तेथील लाकूड उघडे पडले होते. थोरला मुलगा ती खरवडून नव्या रंगात बुडवू म्हणे. आई ती हातची सोडीना. आठ दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. दोघेही आमच्याकडे आली तेव्हा मुलाचे म्हणणे असे, की वापरात राहील तरच वडिलांची आठवण राहील. आणि आईचे असे, की त्या झिजलेल्या जागेखेरीज त्यांच्या हाताची दुसरी खूण आता उरली नाही. दोघांचेही खरे होते. आम्ही इतकेच म्हटले, "बाळ, रंग पुन्हा देता येईल, खरवडलेली झीज पुन्हा आणता येणार नाही." मुलगा समंजस. त्याने सुताराकडून नवी फळी कापून घेतली आणि आपली सारी हौस तिच्यावर केली. वडिलांची गिटार आहे तशीच ठेवून तो ती सणासुदीला वाजवितो.

त्याने नव्या फळीवर केला तो प्रकार पाण्यावरच्या रंगाचा. रुंद टाकीतील पाण्यात टाकणखार विरघळवितात आणि वर एनॅमलच्या तेलरंगाचे थेंब सोडतात. थेंब फुलासारखे पसरतात. काडीने ते हलकेच फिरविले की लहरी उठतात. आधी पांढरे अस्तर दिलेले लाकूड दांड्यास धरून, एकाच गतीने, न थांबता पाण्यात उतरवितात. ते पाण्याखाली असतानाच वर उरलेला रंग कागदाने काढून घेतात आणि मगच लाकूड वर काढतात. नाहीतर त्यावर दुसरा थर चिकटतो. संधी एकदाच मिळते, आणि दोन गिटारी कधी एकसारख्या होत नाहीत. इबानेझ या जपानी कंपनीने १९९० साली अशा रंगाची गिटार बाजारात आणली. पण युक्ती फार जुनी. जुन्या जाड पुस्तकांच्या पुठ्ठ्याआड लहरींचा कागद असतो तो याच जातीचा. त्यास अबरी म्हणतात, कारण फारसीत अब्र म्हणजे ढग. सतराव्या शतकात आपल्या शेजारच्या विजापुरात अबरीची सुंदर चित्रे होत असत.

आता पालकांस एक कळकळीची सूचना. या कामात खरा धोका रंगाचा नसून वाफेचा आहे. लॅकर व थिनर अतिशय ज्वालाग्राही. चुलीजवळ, देवापुढील मेणबत्तीजवळ किंवा बंद खोलीत ते कदापि फवारू नये. तोंडावर बांधलेला रुमाल वाफ अडवीत नाही. त्यासाठी वाफ शोषणारा योग्य मुखवटा लागतो. दोन डब्यांतील मिश्रणाने होणाऱ्या पॉलियुरेथेन रंगाच्या कठीणकात आयसोसायनेट असते. त्याने दमा जडू शकतो, म्हणून ते काम घरी नकोच. टाकणखार लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. पावसाळ्यात तर लॅकरचे काम टाळावेच. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर धरते आणि रंगावर पांढुरकी झाक येते.

मग अशी रंगीत गिटार देवळात चालेल काय? ४ डिसेंबर १९६३ रोजी घोषित झालेल्या पवित्र उपासनेविषयीच्या संविधानाने पाइप ऑर्गनचा मान राखून, इतर वाद्यांस योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीने वाट दिली आहे. मात्र ती पवित्र कार्यास साजेशी असावीत आणि भाविकांच्या भक्तीस साहाय्य करावीत. तेव्हा प्रश्न रंगाचा नाही. लोकांचे डोळे वेदीवरून वादकाकडे वळत असतील, तर साधी काळी गिटारही तेथे अयोग्यच ठरेल.

पालकहो, मुलगा महिनाभर एकाच फळीवर थर चढवीत, घासत आणि वाट पाहत बसला असेल, तर त्यास रागे भरू नका. त्यास मोकळी जागा व योग्य मुखवटा द्या. तरुणहो, तुम्हीही वडिलांच्या हातच्या जुन्या वस्तूला पॉलिशपेपर लावण्यापूर्वी घरच्यांस विचारा. संसारातही रंग एका दिवसात चढत नाही. एक थर वाळल्याखेरीज दुसरा देऊ नये, हेच बरे.