आमच्या नाकाचें गाऱ्हाणें

मुख व नासिका या दोहोंनीं मिळून उच्चारला जाणारा वर्ण तो अनुनासिक, असें पाणिनीनें ठरवून दिलें आहे. परंतु नासिकाच संपावर गेली तर संस्कृताच्या मास्तरानें काय करावें, हें त्या मुनिवर्यानें सांगितलेलें नाहीं! नोकरीच्या अखेरच्या दोन वर्षांत आमच्या तोंडून 'नमः' ऐवजीं 'दबः' निघूं लागलें. मुलें रुमालाआड हंसत. आम्हीहि तें हंसण्यावारी नेलें. नागपूरची धूळ, डिसेंबरांतील बोचरी थंडी; सर्दी कोणास होत नाहीं?

पण ही सर्दी ऋतुमान पाळीना. रात्रीं तोंड उघडें टाकून निजावें, घोरण्यानें घर जागें व्हावें, सकाळीं कपाळ व गाल जड, आणि दिवसभर पेंग. वास केव्हां गेला हें तर कळलेंच नाहीं. जिभेला गोड-आंबटासारखे ढोबळ रस तेवढे कळतात, बाकी स्वाद सारा नाकाचा, हें ज्ञान आम्हांस कोठलें? आम्ही पानावर बसून सूनबाईंच्या हातास नांवें ठेवीत असूं. वरणांत हिंग नाहीं, असें एकदां पाहुण्यांदेखत म्हणालों. त्यांनीं मुकाट्यानें हिंगाची डबी आमच्यापुढें आणून ठेविली.

पुढें एके सायंकाळीं घरांत आम्ही व लहानगा नातू असे दोघेच होतों. समई लावण्यासाठीं काडेपेटी हातीं घेतली, तोंच बर्डीवरून परतलेल्या सूनबाई दारांतूनच ओरडल्या, "मामंजी, काडी ओढूं नका!" शेगडीची नळी गळत होती. गॅसला स्वतःचा वास नसतो. धोका कळावा म्हणून ती दुर्गंधी मुद्दाम मिसळलेली असते. आमच्यापुरती ती व्यर्थच होती.

त्याच आठवड्यांत 'मेडिकल' गांठलें. नागपूरकर १९४७ सालच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयास याच नांवानें ओळखतात. डॉक्टरांनीं बारीक दुर्बीण नाकांत घालून पडद्यावर दाखविलें: सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट मांसल घोस! सुश्रुतानें वर्णिलेला नासार्श तो हाच असावा. कपाळ, गाल, डोळ्यांमधील भाग व त्यामागें अशा हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांचीं तोंडें अरुंद. तीं या घोसांनीं बुजलीं कीं आंत स्राव सांचतो. बारा आठवड्यांवर टिकला तर तो विकार जुनाट समजावा. हे घोस बहुधा कर्करोगाचे नसतात. मात्र एकाच नाकपुडींत गांठ असली किंवा रक्त येत असलें तर तपासणीस विलंब करूं नये. दमा आहे काय, ॲस्पिरिननें धाप लागते काय, हेंहि त्यांनीं खोदून विचारलें. कित्येकांत हीं तिन्ही एकत्र नांदतात म्हणे.

प्रथम नाकांत मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा व उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानें धुणें. (आमची जलनेती वर्षानुवर्षें नळाच्याच पाण्यानें चाले, त्याबद्दल बोलणीं खाल्लीं.) तेवढ्यानें भागेना, तेव्हां दुर्बिणीनें शस्त्रक्रिया. ऑस्ट्रियांतील ग्राझ येथें मेसरक्लिंगर यांनीं या विद्येचा पाया घातला. बाहेरून एकहि टांका नाहीं.

घोस पुन्हां वाढूं शकतात, म्हणून फवारा चालूच आहे. तिसऱ्या आठवड्यांत स्वयंपाकघरांतून फोडणीचा वास आला. आम्ही उठून आंत गेलों, आणि त्या पाहुण्यांदेखतच्या बोलण्याची सूनबाईंजवळ क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "मामंजी, त्या दिवशीं हिंग खरोखरच संपला होता!" मोगरा मात्र अजून कळत नाहीं.