कमानींच्या सावलीत बोलोन्या

इटलीला जायचे म्हटले की आपली यादी ठरलेली : रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि पिसाचा कलता मनोरा. पण मैत्रिणींनो, एखादे जुने गाव पायी हिंडून, त्याच्या मंडईत रेंगाळून, तिथले स्वयंपाकघर जवळून पाहायचे असेल, तर उत्तर इटलीतल्या बोलोन्याला चार दिवस द्या. आम्ही तिघे गेलो होतो : हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंचे वय सत्तर, मांस-मासे-अंडे वर्ज्य. "तिथे मी खायचं काय?" हा त्यांचा प्रश्न निघण्याआधी महिनाभर घरात गाजत होता. त्याचे उत्तर पुढे येतेच आहे.

बोलोन्याला तिथले लोक तीन लाडकी नावे देतात : विद्वान, तांबडी आणि गुबगुबीत. विद्वान, कारण युरोपातले सर्वांत जुने मानले जाणारे विद्यापीठ इथले. त्याची स्थापना 1088 ची धरतात. तांबडी म्हणजे काय ते स्टेशनातून बाहेर पडताच कळते. विटा तांबड्या, कौले तांबडी, भिंतींचे रंगही गेरूकडे झुकणारे.

पण पहिल्या दिवशी मनात भरतात त्या कमानी. आपल्या जुन्या वाड्यांना ओसरी असे ना, तशी इथे रस्त्याकडेच्या घरांना ओसरी आहे, आणि एका घराची ओसरी पुढच्या घराच्या ओसरीला जोडलेली. मध्ययुगात गावात माणसे वाढली, विद्यार्थी वाढले, जागा पुरेना. मग लोकांनी माडीवरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खाली खांब दिले. 1288 मध्ये तर नगराने नियमच केला की नव्या घराला कमानीची वाट ठेवलीच पाहिजे. जागा घरमालकाची, वाट मात्र सर्वांची! अशा कमानींची लांबी शहरात एकूण 62 किलोमीटर भरते, आणि 2021 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. ऊन असो, पाऊस असो, सासूबाई छत्री न उघडता गावभर हिंडल्या. टेकडीवरच्या सान लुका मंदिराकडे जाणारी जवळजवळ चार किलोमीटरची वाटही कमानींखालून जाते. त्या कमानी 666 आहेत म्हणतात. चालवत नसेल तर पर्यटकांची छोटी गाडी वर जाते.

गावातले दोन उंच मनोरे दुरूनच पाहा. असिनेल्ली 97 मीटर उंच, आणि शेजारची गारिसेंदा चांगलीच कललेली. 2023 मध्ये गारिसेंदाच्या दुरुस्तीसाठी तिथला परिसर बंद करण्यात आला; तेव्हा चढायचा बेत चौकशी करूनच करावा.

आता तिसरे नाव, गुबगुबीत. मुख्य चौकाच्या मागे मंडईच्या अरुंद गल्ल्या आहेत. तिथल्या दुकानांत मोठ्या लाकडी पाटावर बायका पीठ लाटताना दिसतात. त्यांना 'स्फोल्यिना' म्हणतात. मैद्यासारखे पीठ, शंभर ग्रॅमला एक अंडे, पाणी नाही. हातभर लांब लाटण्याने त्याची ही एवढी मोठी पोळी लाटतात. पोळी इतकी पातळ हवी की तिच्यातून पलीकडची सान लुकाची टेकडी दिसावी, असे तिथे गमतीने म्हणतात. तिच्या पट्ट्या कापल्या की 'ताल्यातेल्ले', आणि लहान चौकोनात सारण भरून बोटाभोवती वळले की 'तोर्तेल्लिनी'. आणि काय सांगू, शिजवलेल्या ताल्यातेल्लेची रुंदी आठ मिलिमीटर असावी, हे 1972 मध्ये तिथल्या व्यापारी मंडळाच्या दप्तरात रीतसर नोंदवून ठेवले आहे, सोन्याच्या नमुन्यासकट! म्हणे असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग.

गंमत अशी की यातले काहीच सासूबाईंना खाता येत नव्हते, पण काचेपुढे सर्वांत जास्त वेळ उभ्या राहिल्या त्याच. "मनगट बघ तिचं, लाटण्यावर जोर देत नाही, नुसतं फिरवते. आमची आई मांडे असेच करायची." आतल्या बाईंना त्या हातांनी खुणा करत राहिल्या. बाईंनी हसून लाटणे पुढे केले. सासूबाईंनी मान हलवली, अंड्याच्या पिठाला हात लावला नाही; पण कोरडे लाटणे हातात घेऊन त्याचे वजन मात्र पाहिले.

मग त्या जेवल्या काय? शाकाहारी भगिनींनी नीट लक्षात ठेवा. ताज्या पास्त्यात अंडे असते. बाजारात मिळणारा साधा कोरडा पास्ता बहुधा रवा-पाण्याचाच असतो, वेष्टन वाचून घ्यावे. पार्मेजान चीजच्या एका चाकाला सुमारे साडेपाचशे लिटर दूध लागते, पण ते दूध वासराच्या पोटातल्या रेनेटने फाडतात. हे मी सासूबाईंना आधीच सांगितले. लपवून खाऊ घालणे मला पटत नाही. "मग नको," एवढेच त्या म्हणाल्या. भाकरीसारख्या प्रकारांत डुकराची चरबी घालायची तिथली पद्धत आहे, तेव्हा विचारून घ्यावे. आम्ही स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेतली होती. रिसोत्तोच्या जाड तांदळाचा मऊ भात उत्तम होतो. मसूर, टोमॅटो, पांढरा घेवडा, फळे मंडईत भरपूर. मेतकूट आणि लोणचे घरून नेले होते.

एक दिवस आगगाडीने अर्ध्या तासावरच्या मोदेनाला गेलो. तिथे घराच्या माळ्यावर सिरका मुरवतात. द्राक्षांचा रस आटवून, आंबवून तो लहान होत जाणाऱ्या पिंपांच्या रांगेत ठेवायचा. सर्वांत लहान पिंपातून वर्षातून थोडासा काढायचा आणि ती तूट शेजारच्या मोठ्या पिंपातून भरायची. निदान बारा वर्षे मुरला तरच त्याला पारंपरिक म्हणतात. पंचवीस वर्षांचाही असतो. मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपे मांडायची आणि लग्नात द्यायची, अशी जुनी चाल होती. चमच्यातले ते दाट, आंबटगोड थेंब चाखून सासूबाई खूश! घ्यायचा असेल तर बाटलीवर 'त्रादित्सिओनाले' हा शब्द पाहा. त्याशिवायचा स्वस्त सिरका वेगळा, तो दोन महिन्यांतही तयार होतो.

मला मात्र सर्वांत जवळची वाटली ती लौरा बास्सी. बोलोन्यात 1711 मध्ये जन्मलेल्या या बाईने 1732 मध्ये चौकातल्या नगरभवनात विद्वानांच्या प्रश्नांना उत्तरे देऊन पदवी मिळवली आणि विद्यापीठात अध्यापकपदही. पण बाई म्हणून जाहीर व्याख्यानांना मर्यादा. तिने काय केले? संसार, मुलेबाळे सांभाळून घरीच पदार्थविज्ञान शिकवले, प्रयोगही घरीच. 1776 मध्ये, पासष्टीच्या उंबरठ्यावर, तिला प्रायोगिक पदार्थविज्ञानाची प्राध्यापक नेमले, आणि तिचा मदतनीस होता तिचा नवरा! हे ऐकून आमच्या 'ह्यां'नी मुकाट्याने सगळ्या पिशव्या उचलल्या.

परत आल्यावर मी सासूबाईंना बसवून त्यांच्या पुरणपोळीचे प्रमाण वजनकाट्यावर मोजून वहीत उतरवले. 'अंदाजाने' म्हणजे किती, यावर दोन दुपारी गेल्या. तुमच्याही घरी असे हात असतील, तर वही काढाच.