पाय न टेकता

इंग्लंडच्या केंट परगण्यात, सेव्हनोक्सजवळ, यॉर्क्स हिल नावाची एक अरुंद वाट टेकडीवर चढते. दोन्ही बाजूंना मातीचे उंच काठ आणि वर झाडांची सावली. लांबी अवघी ७०७ यार्ड, म्हणजे सुमारे ६४६ मीटर. सरासरी चढ साडेबारा टक्के, पण काही जागी तो २५ टक्क्यांपर्यंत जातो. तेथे चार मीटर पुढे सरकावे तेव्हा एक मीटर उंची पदरात पडते. कॅटफर्ड सायकलिंग क्लबची चढाईची शर्यत येथे शरद ऋतूत होते. १८८७ साली वेस्टरहॅम हिलवर सुरू झालेली ही शर्यत जगातील अत्यंत जुन्या सायकल शर्यतींपैकी एक आहे. एकेक स्पर्धक मिनिटामिनिटाच्या अंतराने निघतो. झुंज घड्याळाशी असते.

पन्नाशीतील एका स्पर्धकाला मागील वर्षी शेवटच्या खड्या टप्प्यावर पाय टेकावा लागला होता. ती सल त्याच्या मनातून गेली नाही. त्याने सायकलीवरची पाण्याची बाटली काढली, हँडलवरील पट्टी सोडवली, हलकी चाके बसवली. एक किलो वजन उतरले. मग त्याने हिशेब मांडला. शरीर आणि सायकल मिळून ७८ किलो. त्यातला एक किलो कमी झाल्याने तीन मिनिटांच्या चढात जेमतेम दोन सेकंद वाचणार होते. पाय टेकला तो वजनामुळे नव्हे. आरंभी चढ सौम्य असतो, पाय ताजे असतात, काठावरचे लोक हाका देत असतात. त्या भरात त्याने पुढची शक्ती आधीच उधळली होती.

या वेळी तो संथ निघाला. मागून निघालेला तरुण त्याला ओलांडून गेला, तरी त्याने वेग वाढवला नाही. खड्या चढावर ओल्या पानांवरून मागचे चाक घसरू लागले, तेव्हा तो बैठकीवर टेकला. पुढचे चाक उचलले जाऊ लागताच पुन्हा पुढे झुकला. श्वासाखेरीज त्याला काही ऐकू येत नव्हते. माथ्यावर दोघांनी त्याला सावरून धरले.

यादीत त्याचे नाव बरेच खाली होते. दम परतल्यावर तो पायी उतरला आणि मागील वर्षी जेथे थांबला होता, नेमका त्याच जागी उभा राहिला. एका अनोळखी मुलाचे चाक तेथे घसरले, तेव्हा सर्वांत मोठ्याने हाक त्यानेच दिली.